बॉस्टन, १६५९: सहा दिवसांचा मुक्काम

धक्क्यावर पाय ठेवता आणि पहिल्यांदा नाकात शिरतो तो खारवलेल्या कॉड माशाचा वास. मागोमाग डांबराचा, ओल्या लाकडाचा, घराघरांतून निघणाऱ्या धुराचा. वाटेतल्या माणसाला तारीख विचारता. तो म्हणतो, "आठव्या महिन्याचा बाविसावा दिवस." तुम्ही मनात ऑगस्ट धरता, पण वारा तर बोचरा आहे. इथे महिने मार्चपासून मोजतात. मार्च आणि जानेवारी ही रोमन देवांवरून पडलेली नावं. ती तोंडी येऊ नयेत म्हणून कडवी माणसं महिन्यांना नुसते आकडे देतात. म्हणजे आज २२ ऑक्टोबर १६५९, शनिवार. सूर्य मावळायच्या आत तुम्हाला मुक्कामाची जागा गाठायची आहे. मावळतीनंतर इथे रस्त्याने कुणी उगाच फिरत नाही.

गाव तीन हजारांच्या आसपास वस्तीचं. एकोणतीस वर्षांपूर्वी, १६३० साली, जॉन विन्थ्रॉप यांच्या पुढारपणाखाली जहाजांचा ताफा इंग्लंडहून इथे आला. पुढच्या दहा वर्षांत न्यू इंग्लंडमध्ये सुमारे वीस हजार माणसं आली. राजाच्या चर्चमध्ये अजून जुन्या रोमन पद्धती शिल्लक आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. पाळकाचा पांढरा झगा, बाप्तिस्म्याच्या वेळी कपाळावर काढायचा क्रूस, लग्नातली अंगठी, यांतलं बायबलमध्ये काहीच नाही. मग ते आमच्या माथी का? 'प्युरिटन' ही विरोधकांनी त्यांना दिलेली शिवी. ते स्वतःला देवभीरू म्हणवतात.

काळ्या कपड्यांतली, टोपीला बकल लावलेली माणसं तुमची नजर शोधते. ती दिसत नाहीत. ती बकलं दोनशे वर्षांनंतरच्या चित्रकारांनी चिकटवली. समोरून येणाऱ्यांच्या अंगावर विटकरी, तपकिरी, मळकट हिरवे रंग आहेत. पक्का काळा रंग महाग पडतो. तो पाळकांना आणि पैसेवाल्यांना परवडतो. ज्याची मालमत्ता २०० पौंडांपेक्षा कमी, त्याने सोन्याचांदीची लेस लावायची नाही, असा १६५१ चा कायदाच आहे. साधेपणा हा धर्म खरा, पण कुणी किती साधं राहायचं हे ऐपत पाहून ठरतं.

बाजाराच्या चौकात लाकडी खांबांवर उभारलेली नवी कोरी इमारत आहे. खाली बाजार भरतो, वर कोर्ट बसतं. रॉबर्ट कीन नावाच्या व्यापाऱ्याने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशांतून हे टाउन हाउस उभं राहिलं. याच कीनला १६३९ मध्ये जास्त नफा घेतल्याबद्दल जबर दंड झाला होता, आणि चर्चनेही सगळ्यांसमोर त्याची कानउघाडणी केली होती. तो डाग त्याच्या मनातून कधी पुसला गेला नाही. दीडशेहून जास्त पानांच्या मृत्युपत्रात तो आपली बाजू मांडत राहिला. त्याच वर्षी एडवर्ड पामर या सुताराने गावासाठी खोडा बनवला आणि लाकडाचे दाम वाजवीपेक्षा जास्त लावले. कोर्टाने त्याला दंड केला आणि त्यानेच बनवलेल्या खोड्यात तासभर बसवलं. गरजवंताला नाडून मिळवलेला नफा ही इथे चोरी आहे. मला ही माणसं पहिल्यांदा आवडतात ती या ठिकाणी.

तुमचं यजमान कुटुंब पिंपं बांधणाऱ्याचं आहे. साध्या घरच्या पुरुषाला इथे 'गुडमन' म्हणतात, बाईला 'गुडवाइफ'. 'मिस्टर' हा मान मोजक्यांचा. दारातच गुडमन विचारतो, "किती दिवस राहणार?" हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. परक्याला परवानगीशिवाय तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवून घेतलं तर यजमानाला दंड होतो. "सहा दिवस," तुम्ही म्हणता. तो बाजूला होतो.

घर लाकडी, मधोमध प्रचंड धुराडं, दोन्ही अंगांना एकेक खोली. माणूस आत उभा राहील एवढं चुलाणं. खिडक्या लहान, शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या काचा. गुडवाइफची घाई चालली आहे, कारण उद्याचं सगळं रांधणं आजच उरकायचं आहे. मक्याच्या कण्या शिजताहेत, वाटाण्याचं दाट कालवण रटरटतंय, मका आणि राय यांच्या मिसळ पिठाची भाकरी भट्टीत आहे. मका पेरायला, दळायला, शिजवायला या लोकांनी मूळ रहिवाशांकडूनच शिकून घेतलं. तुमच्यापुढे लाकडी ताटली येते. ती तुम्ही आणि घरातला मुलगा, दोघांत मिळून. चमचा आहे, काटा नाही. प्यायला घरची पातळ बिअर, मुलांनाही तीच.

मग सूर्य बुडतो आणि घराचा सूरच बदलतो. चरखा थांबतो, कुऱ्हाड कोपऱ्यात जाते. शब्बाथ, म्हणजे देवासाठी राखलेला विश्रांतीचा दिवस, सुरू झाला. तो उद्याच्या सूर्यास्तापर्यंत.

गुडमन बायबल उघडतो. घरातले सगळे भोवती बसतात, नोकरसुद्धा. त्याचं वाचन संपल्यावर आठेक वर्षांची मुलगी पुढे येते. तिच्या हातात मुठीची लाकडी फळी आहे. फळीवर कागद आणि कागदावर शिंगाचा पारदर्शक पापुद्रा, मळू नये म्हणून. त्यावर मुळाक्षरं आणि प्रभूची प्रार्थना. ती बोट ठेवून वाचते, अडखळते, पुन्हा वाचते. नंतर जॉन कॉटन यांच्या प्रश्नोत्तरीतले प्रश्न येतात. बाप विचारतो, ती घडाघडा उत्तरं देते.

या मुलीकडे नीट बघून घ्या. पिंपं बांधणाऱ्याची लेक, सतराव्या शतकातली, आणि ती वाचते आहे. १६४२ चा कायदा सांगतो की, घरातल्या प्रत्येक मुलाला आणि शिकाऊ नोकराला वाचता आलं पाहिजे, ही जबाबदारी आईबापांची आणि मालकाची. १६४७ चा कायदा त्याच्या पुढे जातो: पन्नास घरांच्या गावाने वाचन-लेखन शिकवणारा शिक्षक नेमायचा, शंभर घरांच्या गावाने लॅटिन शिकवणारी शाळा काढायची. कारण कायद्यातच दिलं आहे. माणसांना शास्त्राच्या ज्ञानापासून दूर ठेवणं हा सैतानाचा जुना डाव आहे, आणि तो हाणून पाडायचा तर प्रत्येकाला ग्रंथ स्वतः वाचता आला पाहिजे. मध्ये भटजी नको, पोप नको, बिशप नको.

"लिहायलाही शिकतेस का?" तुम्ही मुलीला विचारता. ती आईकडे पाहते. "मुलीला वाचायला आलं की झालं," आई म्हणते. "लिहिणं भावासाठी."

मुलं पलंगाखालून ओढून काढलेल्या बसक्या खाटेवर झोपी जातात. निखाऱ्यांपाशी गुडमन हलक्या आवाजात बोलू लागतो. त्याच्या मनावरचं ओझं तुम्हाला समजून घ्यायला हवं, त्याशिवाय हे गाव समजणार नाही. कोण तरणार आणि कोण नरकात जाणार, हे देवाने सृष्टी निर्माण होण्याआधीच ठरवलं आहे. पुण्य करून ते बदलत नाही. कर्माचा हिशेब नाही, पुढचा जन्म नाही, नवस नाही, कुणा संताची मध्यस्थी नाही. चांगलं वागून स्वर्ग मिळवता येत नाही. चांगलं वागावंसं वाटणं ही आपली निवड झाल्याची खूण असू शकते, एवढंच. आणि ती खूणही खोटी निघू शकते. म्हणून माणूस रात्रंदिवस स्वतःच्या मनाची झडती घेत राहतो. मायकेल विगल्सवर्थ नावाच्या तरुण धर्मोपदेशकाने डायरीत लिहून ठेवलं आहे: शब्बाथला शेजाऱ्याच्या तबेल्याचं दार वाऱ्याने आपटत होतं. ते जाऊन लावावं, की ते काम ठरून पाप होईल? या प्रश्नाने तो बेजार झाला. त्याला हसू नका. ज्याला प्रत्येक क्षण देवासमोर घालवायचा आहे, त्याच्यासाठी दारसुद्धा लहान गोष्ट नसते.

इथे कुठलीच गोष्ट आपोआप घडत नाही. मुलाला ताप आला, जहाज बुडालं, पाऊस लांबला, सगळ्यात देवाचा हात आहे. गुडमन तुम्हाला उंदरांची हकिगत सांगतो. ती विन्थ्रॉप यांनीही आपल्या रोजनिशीत १६४० मध्ये नोंदवून ठेवली आहे. त्यांच्या मुलाकडच्या एका पुस्तकात ग्रीक नवा करार, स्तोत्रं आणि इंग्लंडच्या चर्चचं प्रार्थनापुस्तक एकत्र बांधलेलं होतं. उंदरांनी प्रार्थनापुस्तकाचं पान न् पान खाल्लं, बाकीच्या दोन्हींना तोंड लावलं नाही. "याचा अर्थ काय, तो तुम्हीच लावा," गुडमन म्हणतो. त्याच्या दृष्टीने अर्थ उघड आहे.

रविवारी सकाळी घंटा वाजते. सगळं गाव सभाघराकडे निघतं. या इमारतीला ते चर्च म्हणत नाहीत. चर्च म्हणजे करार करून एकत्र आलेली माणसं. आत क्रूस नाही, चित्र नाही, मेणबत्ती नाही, रंगीत काच नाही. सगळ्यांच्या नजरेसमोर एकच गोष्ट, उंच व्यासपीठ. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. पुढची जागा मानाप्रमाणे. शेगडी नाही. दगडासारख्या बाकावर थंडी पायांतून वर चढते.

आधी स्तोत्र. वाद्य नाही. एकजण ओळ सांगतो, मग सगळे ती गातात, पुन्हा पुढची ओळ. आपल्या भजनाची आठवण होते, फक्त टाळ-मृदंगाचा ठेका नाही. प्रत्येकजण आपल्या गतीने गातो आणि आवाज लाटांसारखे एकमेकांवर येतात. हातातलं स्तोत्रांचं पुस्तक इथलंच आहे. नदीपल्याडच्या केंब्रिजमध्ये १६४० साली छापलेलं, इंग्रजांच्या अमेरिकेत छापलेलं पहिलं पुस्तक.

मग जॉन नॉर्टन उभे राहतात. वाळूचं घड्याळ उलटं होतं. आधी वचन, मग त्यातून निघणारा सिद्धांत, मग त्याची कारणं, शेवटी उपयोग, म्हणजे हे ऐकून तुम्ही घरी जाऊन काय करायचं. कीर्तनाला पूर्वरंग आणि उत्तररंग असतो, तशी ही पक्की बांधणी. घड्याळ पुन्हा उलटतं. कुणी कंटाळलेलं दिसत नाही. कितीतरीजण टिपणं घेताहेत, कारण संध्याकाळी मुलांना प्रवचनावर प्रश्न विचारायचे आहेत. दुपारी थोडी विश्रांती आणि पुन्हा दुसरं प्रवचन.

इथे बसलेले सगळे चर्चचे सदस्य नाहीत. सदस्य व्हायचं तर देवाच्या कृपेने आपल्या आत्म्यात काय पालट झाला, याची साक्ष द्यावी लागते आणि ती मंडळीला पटावी लागते. सदस्य असेल त्या पुरुषालाच वसाहतीच्या निवडणुकीत मत. गुडमन अजून सदस्य नाही. दहा वर्षं तो इथे बसतो आहे, पण "मला खात्री वाटत नाही" म्हणून पुढे गेलेला नाही. खोटी साक्ष देण्यापेक्षा तो मताशिवाय राहील. अशा माणसाबद्दल आदरच वाटतो.

मधले तीन दिवस कामाचे. गुडमनच्या हाताखाली तुम्ही पिंपांच्या फळ्या तासता आणि कायदेकानू ऐकता. लग्न मॅजिस्ट्रेट लावतो, पाळक नव्हे. तो संस्कार नाही, करार आहे, म्हणून मोडताही येतो. नवऱ्याने बायकोवर हात उगारायचा नाही, हे १६४१ च्या कायदेसंग्रहात लिहिलेलं आहे. तिथेच पाळीव जनावराला क्रूरपणे वागवू नये, असंही कलम आहे. नाताळ? तो साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड, असा कायदा याच वर्षी झाला. येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये नाही, आणि त्या दिवसात दारू आणि दंगाच होतो, असं त्यांचं म्हणणं. तो दिवस इतर दिवसांसारखा कामात घालवायचा.

त्याच कायदेसंग्रहातलं आणखी एक कलम वाचताना हातातली फळी खाली ठेवावी लागते. गुलामगिरी नसावी, पण न्याय्य युद्धातले कैदी आणि विकले गेलेले परके यांचा अपवाद. १६३८ मध्ये 'डिझायर' नावाचं जहाज आफ्रिकी गुलाम घेऊन याच बंदरात आलं. त्याच्या आदल्या वर्षी पीक्वॉट या मूळ जमातीचं मिस्टिक इथलं गाव जाळण्यात आलं. बायकामुलं आत होती. ज्या जमिनीवर तुम्ही उभे आहात तिचं मूळ नाव शॉमट. वसाहत येण्याआधीच साथींनी इथले मूळ लोक मोठ्या संख्येने मेले होते, आणि देवाने आपल्यासाठी जागा मोकळी केली, असा अर्थ लावण्यात आला. प्रत्येक घटनेत देवाचा हात पाहणाऱ्या माणसाला स्वतःचा हात दिसेनासा होतो. पण याच प्युरिटनांत जॉन एलियटसारखा पाळकही होता. तो मूळ रहिवाशांची भाषा शिकला आणि त्यांच्यातल्याच माणसांच्या मदतीने त्याने सगळं बायबल त्या भाषेत उतरवलं. १६६३ मध्ये ते छापून झालं.

गुरुवारी सकाळी चरखा बंद आहे. आठवड्यातल्या प्रवचनाचा दिवस. पण आज घरात कुणी बोलत नाही. प्रवचनानंतर फाशी आहे.

तिघेजण आहेत. विल्यम रॉबिन्सन, मार्माड्यूक स्टीव्हन्सन आणि मेरी डायर. गुन्हा हा की ते क्वेकर आहेत आणि हद्दपार केल्यावरही परत आले. प्रत्येक माणसाच्या आत देवाचा प्रकाश आहे आणि तो थेट बोलतो, असं क्वेकर म्हणतात. प्युरिटनांनी बिशपला मधून काढलं. क्वेकरांनी पाळकालाही काढलं. परत येईल त्याला मृत्युदंड, हा कायदा १६५८ मध्ये कोर्टात (इथे कायदेही कोर्टच करतं) कसाबसा, काठावरच्या बहुमताने मंजूर झाला. या पंथाविरुद्ध पुस्तक लिहायचं काम कोर्टाने नॉर्टन यांच्यावर सोपवलं होतं. रविवारी तुम्ही ज्यांना ऐकलंत, तेच.

मेरी डायर या गावाला परकी नाही. एकवीस वर्षांपूर्वी, १६३८ मध्ये, अ‍ॅन हचिन्सन या बाईला बॉस्टनच्या चर्चने बहिष्कृत केलं. ती घरात बायकांना जमवून प्रवचनांचा अर्थ स्वतःच्या बुद्धीने सांगायची, आणि पाळकांच्या चुका काढायची. बहिष्काराचे शब्द ऐकून हचिन्सन दाराकडे निघाली, तेव्हा बाकांमधून एक तरुणी उठली, तिचा हात हातात घेतला आणि तिच्याबरोबर बाहेर पडली. ती मेरी डायर.

आज ती रॉबिन्सन आणि स्टीव्हन्सन यांच्या मधून, दोघांचे हात धरून चालते आहे. भोवती शस्त्रधारी शिपाई. ती बोलायला तोंड उघडते तसे ढोल जोरात वाजतात. तिचे शब्द लोकांच्या कानी जाऊ नयेत म्हणून. तुम्ही गर्दीत आहात. शेजारी गुडमन टोपी हातात घेऊन उभा. रॉबिन्सन शिडी चढतो. मग स्टीव्हन्सन. डायर दोघांना मरताना पाहते. मग तिचे हात बांधतात, गळ्यात दोर अडकवतात, म्हातारे पाळक जॉन विल्सन यांच्या रुमालाने तिचा चेहरा झाकतात. आणि तेवढ्यात आवाज येतो: शिक्षा तहकूब. हे कोर्टाने आधीच ठरवून ठेवलं होतं. तिला फक्त दोराचा स्पर्श द्यायचा होता. तिला शिडीवरून उतरवतात.

घरी परतताना गुडमन एवढंच म्हणतो, "आम्ही तिच्यासारखेच समुद्र ओलांडून आलो होतो." पुढे तो बोलत नाही. आत मुलगी फळीवर बोट ठेवून वाचत बसलेली असते.

तुमचे सहा दिवस संपले. परतीच्या वाटेवर पुढचं ऐकून घ्या. मेरी डायर पुन्हा आली. १ जून १६६० रोजी तिला फाशी झाली. १६६१ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या पत्राने क्वेकरांना फाशी देणं थांबलं. नाताळबंदी १६८१ मध्ये उठली. १६९२ मध्ये सेलम इथे चेटकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फासावर चढवलं. पाच वर्षांनी त्या न्यायाधीशांपैकी एक, सॅम्युएल स्यूअल, भर मंडळीत उभे राहिले आणि त्यांची चूक कबूल करणारा कागद पाळकाने मोठ्याने वाचून दाखवला. मूळ रहिवाशांपैकी वाम्पनोआग लोकांची भाषा बोलणारं कुणी उरलं नव्हतं; एलियटच्या बायबलच्या आधारे त्यांनी ती आज पुन्हा उभी केली आहे.

या सभाघरांचा वारसा चालवणाऱ्या मंडळींनी १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशन संस्था काढली, आणि १८१३ मध्ये तिचे लोक मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशन ते हेच. शिंगाच्या फळीवरचा आग्रह त्यांनी बरोबर आणला: बाई असो, बाप्या असो, वाचता आलंच पाहिजे. अहमदनगरला मिस फरार मुलींच्या शाळा चालवत होत्या. जोतीराव फुल्यांनी त्या पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. फुल्यांच्या शाळेने कुणाचा पंथ शिकवला नाही. अक्षर घेतलं आणि त्याला स्वतःचा अर्थ दिला.

प्युरिटनांचं मोठेपण आणि त्यांचं अपयश एकाच ठिकाणी आहे. प्रत्येकाच्या हातात ग्रंथ दिला, आणि त्यातून वेगळं वाचणाऱ्याच्या गळ्यात दोर घातला. दुसऱ्या गोष्टीने पहिली कधीच पुसली गेली नाही, आणि पहिलीने दुसरी माफ होत नाही. ज्याला वाचायला शिकवलं, त्याने काय वाचून काय ठरवायचं यावर हुकूम चालत नाही, हे आजही शिकवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

त्या घरातल्या मुलीला लिहायला शिकवायचं नव्हतं. मेरी डायरला लिहिता येत होतं. ऑक्टोबर १६५९ मध्ये तिने बॉस्टनच्या तुरुंगातून कोर्टाला पत्र लिहिलं. ढोल वाजवून तिचा आवाज बुडवला, पण ते पत्र आजही वाचता येतं.